दो तीन बैल, साफ

माझं अक्षर चांगलं होतं, आणि पुढच्या सगळ्या भानगडी त्यातूनच निघाल्या. ते वाईट असतं तर मला तहसील कचेरीत कुणी बसवलंच नसतं आणि मी गावाकडे सुखानं हळद काढत बसलो असतो.

मोडी लिहावी तर संतरामनं, असं आमच्या तालुक्यात म्हणत. म्हणणाऱ्यांत मी स्वतःही होतो, पण इतरही दोघेतिघे होते. मोडीत एकदा बोरू टेकवला की तो शक्यतो उचलायचा नाही. शाई संपली तर नाइलाज, एरवी ओळ संपेपर्यंत हात धावता ठेवायचा. मी एका दमात अर्धं पान काढायचो आणि बघणाऱ्याचाच श्वास अडकायचा. एवढ्या एका हुन्नरावर मी तीन वर्षं कचेरीत उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे काम सगळं करायचं आणि पगाराच्या दिवशी इतरांचे आनंदी चेहरे बघायचे.

१३४६ फसलीत, म्हणजे इंग्रजी १९३६-३७ साली, वरून हुकूम आला. ज्यांना मुस्तकिल, म्हणजे कायम व्हायचं आहे, त्यांनी पुढल्या साली जिल्ह्याला जाऊन उर्दूची परीक्षा द्यावी. साहेब बोलतील ते उतरवून घ्यायचं आणि वर एक अर्ज लिहायचा. मला उर्दू बोलता येत होती, कारण आमच्याकडे कुत्र्यालाही थोडी येत होती. लिहिता मात्र येत नव्हती.

ही बातमी माझ्या आधी गोरेगावला पोचली. तिथं माझे सासरे सोनाजी यांचं किराण्याचं दुकान. मेहुणीच्या लग्नात, ऐन पंगतीत, वाढप्यांच्या देखत ते म्हणाले, "जावईबापू, एक साल पाहा. न्हाई जमलं तर आपलं दुकान हायच. जिऱ्या-मोहरीच्या पुड्या बांधायला काय उर्दू लागत न्हाई."

पंगत हसली. मी भाताला आळं केलं होतं, त्यातून वरण वाहून गेलं तरी मला कळलं नाही. कायम होणं मला पगारासाठी हवं होतंच, पण त्या दिवसापासून ते जास्त करून त्या पुड्या न बांधण्यासाठी हवं झालं.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या घरमालकीण द्वारकाबाई यांनी आयुष्यात कधी लेखणी धरली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत अगदी स्वच्छ होतं. "उर्दू उलटी चालती ना? मंग डाव्या हातानं लिवा की. एवढं शिकलेले तुमी, एवढं कळंना काहून?" मला ते पटलं. हे सांगायला लाज वाटते, पण दोन दिवस मी डाव्या हातानं लिहिलं. तिसऱ्या दिवशी माझी बायको मनकर्णा म्हणाली, "अवं, जेवताना तरी उजवा वापरा." कचेरीतला चपराशी उत्तमसिंग तांड्यावरचा, त्यानं चार तहसीलदार येताजाताना पाहिले होते. त्याचा सल्ला वेगळा. "बाबू, मजकुराचं ऱ्हाऊ द्या. सही लांब करा. लांब सही पायली की सायेब लोक वाचत न्हाईत." हा सल्ला किती खरा होता ते पुढे कळलंच.

शेवटी मी दस्तगीर मुन्शींकडे गेलो. तीस वर्षं नोकरी करून ते घरी बसले होते, म्हणजे कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसले होते, आणि लोकांचे अर्ज लिहून देत होते. त्यांनी मला एक लाकडी तख्ती दिली, तिला पांढरी माती सारवायला लावली आणि वाळल्यावर तिच्यावर एकच अक्षर काढलं. उथळ परातीसारखं, खाली एक टिंब.

"ये बे है," मुन्शी म्हणाले. "याच्या खाली एक नुक्ता. आज तख्तीभर हेच लिवा."

दुसऱ्या दिवशीही बे, आणि तिसऱ्या दिवशीही बेच. नुक्त्यावर तर त्यांची फारच बारीक नजर. "नुक्ता चौकोनी पायजे, संतरामराव. बोरूची जीभ पूरी टेकवायची, बराबर उचलायची. चार कोपरे दिसले पायजेत. गोल नुक्ता कलमाचा नसतो, माशीचा असतो."

सातव्या दिवशी माझा मान दुखावला. एका दमात अर्धं पान काढणारा माणूस मी, आणि मला टिंब शिकवतात! मी कळमनुरीच्या बाजारातून एक कायदा, म्हणजे उर्दूचं बालपुस्तक आणलं आणि अकरा दिवसांत अलिफपासून येपर्यंत सगळी अक्षरं उरकली. लिहायची माझी पद्धतही ठरून गेली. मोडीच्या सवयीनं हात न उचलता आधी अख्खी ओळ ओढून घ्यायची आणि मग, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसे, वरून नुक्ते टाकायचे. दिसायला ते फार सुरेख दिसे.

मुन्शींनी कागद जवळून बघितला, लांब धरून बघितला. मग म्हणाले, "हात सुंदर हाय. पर नुक्त्यांना घर न्हाई."

उतारवयात माणसाला शिष्याची प्रगती सहन होत नाही, असं मी घरी येऊन मनकर्णेला समजावून सांगितलं. ती "व्हय का?" म्हणाली. तिच्या "व्हय का"मध्ये बरंच काही असतं.

आजूर महिना लागला, म्हणजे आपला आश्विन, आणि अव्वल तालुकदार साहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबांचा दौरा ठरला. आमराईत तंबू लागले. कचेरीतलं उर्दू लिहिणं पेशकारांकडे असे, पण ते नेमके हिवतापानं आडवे झाले. तहसीलदार साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मी लगेच उभा राहिलो. साहेबांच्या स्वयंपाकाला तेल हवं होतं, आणि आसपास चांगला घाणा आमच्याच गावात होता. मजकूर साधा होता. "दो टीन तेल, साफ, फौरन रवाना करें." मी एका दमात ओळ ओढली, वरून नुक्ते टाकले आणि उत्तमसिंगाचा सल्ला आठवून तहसीलदार साहेबांच्या सहीला भरपूर जागा सोडली. त्यांनी घाईत लांब सही ठोकली. उत्तमसिंग कागद घेऊन चार कोस चालत आमच्या गावच्या पटेलांकडे गेला, आणि तो कुणी लिहिलाय तेही तिथं सांगून आला.

आता थोडं शास्त्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उर्दूत तेल आणि बैल यांचं अंग एकच. पहिल्या अक्षराच्या वर दोन नुक्ते दिले की तेल, खाली एक दिला की बैल. माझे तेलाचे दोन नुक्ते सरकून शेजारच्या टीनवर जाऊन बसले. टीनच्या डोक्यावरची छोटी खूण मी गडबडीत विसरलो होतो, म्हणून त्याचा झाला तीन. इकडे तेल उघडं पडलं, आणि त्याच्या नेमकं खाली बोरूतून शाईचा एक थेंब सांडला. "दो टीन तेल, साफ" लिहायला बसलो, आणि लिहून उठलो तेव्हा कागदावर होतं, "दो तीन बैल, साफ."

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठे साहेब आमराईत खुर्ची टाकून बसले होते. खानसामा रिकामी कढई घेऊन तहसीलदारांच्या मागेमागे फिरत होता. तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला.

पुढे आमचे बाबा, दगडोबा. कडक धुतलेलं धोतर, डोक्याला लग्नातला लाल पटका. मागे आमचीच खिलारी जोडी, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, आणि त्यांच्या मागे एक वर्षाचं गोऱ्हं, त्याच्याही कपाळाला बेगड चिकटवलेली. गोऱ्हं सोडून सगळे गंभीर होते.

"ये क्या है?" तहसीलदार साहेब म्हणाले.

"सरकार, हुकमापरमानं," बाबा वाकून म्हणाले. "दोन का तीन, हे ठरंना. पटेल म्हनले, दोन धाडले तर हुकूम मोडला, तीन धाडले तर एक जास्तीचा गेला. मंग दोन बैल अन् हे गोऱ्हं आनलं. अडीच झाले. अन् साफ म्हनून लिवलं व्हतं, तर रिठ्यानं धुतले. शेपट्या बी विंचरल्या."

मोठ्या साहेबांनी कागद मागून घेतला. वाचला, परत वाचला, आणि मग इतके हसले की टोपी एका हातानं धरावी लागली. "किसने लिखा है?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, शाबासकी द्यायला विचारताहेत. "माझ्या पोरानं, सरकार. त्याचं अक्षर लई चांगलं हाय."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. बैलांचं मी सोसलं असतं, पण खांद्यावरचा तो हात सोसवत नव्हता.

"खत तो वाकई खूबसूरत है," साहेब म्हणाले. "बस, कोई पढे नहीं." मग हसू आवरून त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला. ज्यानं लिहून बैल बोलावले, त्यानंच लिहून परत पाठवावेत. अर्जात एक नुक्ता चुकला तरी मंजुरी नाही, आणि तपासणार दस्तगीर मुन्शी. एवढं सांगून, बिनतेलाचं जेवून, ते दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाला गेले.

बैल कोंडवाड्यात गेले आणि बाबा आमच्या घरी राहिले. कचेरीत माझं नाव "दो तीन" पडलं. मला वाटलं, एका सकाळचं काम आहे. पण पहिला अर्ज कोंडवाड्याच्या कारकुनानंच परत केला. मी लिहिलं होतं दोन बैल व एक गोऱ्हं. त्याच्या वहीत आवक होती "दो तीन बैल". "तुमी तीन जनावरं मागून राहिले, दोन का तीन आले ते माझ्याकडं नक्की न्हाई. मंग सोडू कसं?" हा प्रश्न वहीपुरता मिटवायलाच दोन दिवस गेले. तोवर ती तिन्ही जनावरं त्याच्या डोळ्यांसमोर कडबा खात होती.

दुसरा अर्ज मुन्शींनी कडुनिंबाखाली चार लोकांसमोर मोठ्यानं वाचला. "'मेरे वालिद के नील वापस दिए जाएं.' संतरामराव, तुमच्या वडलांची नीळ कुनी नेली?" आणि माझ्या हातात तख्ती दिली. "बे."

त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून हळूच म्हणाले, "पोरा, घाई न्हाई. पर जवारीचं रान तयार हाय. वल हाय तवर पेरलं पायजे. आठ दिस, लई तर दहा. मंग दाना टाकून उपेग न्हाई." एवढंच. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. वर्षाची ज्वारी माझ्या एका टिंबावर अडली होती आणि हा माणूस घाई नाही म्हणत होता.

मग मात्र मी बसलो. पहाटे उठून तख्ती सारवायची, वाळेपर्यंत तोंड धुवायचं, उजाडलं की बे. बाबा शेजारी बसून बघत. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण रेघ कळत होती. तिसऱ्या दिवशी मी ओळ ओढली आणि वरून नुक्ते टाकायला लागलो, तसे ते म्हणाले, "हे तू असं काहून करून राहिला?"

"काय?"

"आधी सारं रान वखरून घेतो, अन् मंग काठावर हुबा ऱ्हाऊन दाने फेकतो. तिफनीत दाना तासासंगं पडतो, बाबा. तास गेलं की दाना गेला. मागून टाकला तर कुटंबी पडंल."

मी बोरू खाली ठेवला. मुन्शी महिनाभर हेच सांगत होते, पण ते उर्दूत सांगत होते. त्या दिवसापासून एक शब्द झाला की थांबायचं, नुक्ते मोजायचे, चार कोपरे बघायचे आणि मगच पुढचा शब्द. धावत्या हाताला थांबवणं फार जड जातं. बोटं नुसती फुरफुरत. ज्या वेळात मोडीचं अर्धं पान झालं असतं, त्या वेळात एक ओळ होई. द्वारकाबाई रोज विचारायच्या, "आज किती लिवलं?"

"एक ओळ."

"तब्येत बरी हाय ना?"

तिसरा अर्ज एका नुक्त्यानं गेला, चौथा दोन नुक्त्यांनी. म्हणजे माझी पीछेहाटच झाली, असं उत्तमसिंगाचं मत पडलं. नवव्या दिवशी पाचवा अर्ज मुन्शींनी उन्हाकडे धरला, बोटानं एकेक नुक्ता मोजला, पुन्हा पहिल्यापासून मोजला आणि खाली सही केली. बैल सुटले. गोऱ्हं मात्र निघेना. सरकारी कडबा त्याला मानवला होता. उत्तमसिंगानं मागून ढकललं आणि बाबांनी पुढून ओढलं, तेव्हा ते एकदाचं सरकारी सेवेतून मुक्त झालं. बाबांनी दुसऱ्याच दिवशी तिफण जुंपली. कडेचं एक तास सोडून सगळं उगवलं, असा निरोप आला, आणि मी तो निरोप आणणाऱ्याला दोनदा जेवायला वाढलं.

परीक्षेपर्यंत मी रोज एक तख्ती लिहीत राहिलो. बाकीची अक्षरं मी कायद्यावरून घटवली. मुन्शींनी मला बेच्या पुढे एक पाऊलही सरकू दिलं नाही. जिल्ह्याला गेलो, सगळ्यांत शेवटी कागद दिला आणि पास झालो.

मग हुकूम आला. नवे पेशकार तरुण होते आणि भरभर वाचत. त्यांनी कागद डोळ्यांसमोरून नेला आणि जाहीर केलं, "संतराम वल्द दगडोबा, मुंतकिल!"

मुस्तकिल म्हणजे कायम आणि मुंतकिल म्हणजे बदली. घाईच्या उर्दूत दोन्ही सारखेच दिसतात. कुठं बदली ते लिहिलं नव्हतं, पण त्यामुळे कुणाचं अडलं नाही. उत्तमसिंग म्हणाला तेलंगणात, द्वारकाबाई म्हणाल्या बिदरला, आणि हळहळत त्यांनी दुपारीच आमची खोली नव्या बिऱ्हाडाला दाखवली. माझ्या जागेवर दुसरा उमेदवार बसला. जागा गेली आणि गावाचं नाव नाही, म्हणजे मी कुठलाच राहिलो नाही. तिसऱ्या दिवशी सोनाजी गोरेगावहून छकडा घेऊन आले, मागे गादी घालून. "जावईबापू, परमुलखात कुटं भटकता? चला. पुड्यांचे कागद बी कापून ठेवलेत."

मनकर्णा भांडी बांधत होती. तिचे डोळे लाल होते. ती म्हणाली, "अवं, तुमी सोता वाचला का त्यो कागद?"

मी वाचला नव्हता! पेशकारांनी वाचला, गावानं अर्थ लावला, आणि रोज सकाळी टिंबं गिरवणारा मीच तेवढा ऐकून बसलो होतो.

कचेरीत गेलो, कागद मागितला आणि खाली बसलो. "दो तीन, आता काय बघता त्याच्यात?" कुणीतरी म्हणालं. मी घाई केली नाही. मुंतकिलला पाच नुक्ते, मुस्तकिलला चार. मोजले, तर पाच. म्हणजे बदलीच. पण वर्षभराची खोड. नुक्ता दिसला की मी आता त्याचे कोपरे बघतो. पहिल्याला चार कोपरे. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला, चौथ्यालाही चार. आणि पाचवा गोल होता. अगदी गोल, आणि जरा फुगीर.

मी नख लावलं, तसा तो निघून आला.

"हे काय केलं? सरकारी कागद खरवडला!" पेशकार ओरडले. मोठा गलका झाला. शेवटी तहसीलदार साहेबांनी कडुनिंबाखालून दस्तगीर मुन्शींना बोलावलं. मुन्शींनी कागद उन्हाकडे धरला, माझ्या नखाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माशीचा हाय. कलमाचे चार. मुस्तकिल."

सोनाजी दारात उभे होते. ते म्हणाले, "म्हंजी एवढी खोली माशीनं रिकामी केली?" आणि बांधलेली भांडी स्वतःच्या हातानं सोडायला ते आमच्या घराकडे निघाले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल खरंच प्रेम वाटलं.

मी मुन्शींच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला धरून उभं केलं. त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

"संतरामराव," ते म्हणाले, "आता तुमाला बे आला. उद्या तख्ती घेऊन या. पे सुरू करू."

घरी आलो. मनकर्णेनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पे म्हंजी काय?"

"बेसारखाच असतो," मी म्हटलं. "फक्त त्याच्या खाली नुक्ते तीन."

"एका नुक्त्याला एक साल लागलं," ती म्हणाली, आणि उद्यासाठी तख्ती धुवायला घेतली.